द्राक्षाच्या हंगामाला स्वतःची टोळी न्यायची आहे : थेट बागायतदाराकडे काम कसे धरावे?

डोंगरवाट | ४ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या पेठ तालुक्यातला. भाताच्या आवण्या उरकल्या. आता भात कापणीला येईपर्यंत गावात हाताला काम नाही. आमचा निम्मा पाडा दरवर्षी निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जगायला जातो. छाटणीला एक फेरी, भातकापणीला घरी परत, मग थेट होळीपर्यंत दुसरी. आजवर सगळे मुकादमामार्फत गेले. उचल तो देणार, काम तो दाखवणार, हिशेब तोच करणार. मागच्या हंगामात शेतकऱ्याने एकरी किती दिले आणि आमच्या हातात किती पडले, याचा मेळ शेवटपर्यंत लागला नाही.

यंदा मी, माझा भाऊ, वहिनी आणि पाड्यातली आणखी काही जण, अशी बारा माणसांची टोळी आम्हीच करावी म्हणतोय. चौघी बाया, बाकी गडी. काम सगळ्यांना येते. मी स्वतः आयटीआय केलेले आहे, लिहिणे-वाचणे, फोनवरचा हिशेब जमतो.

विचारायचे हे की, थेट शेतकरी कसा गाठायचा? एकरी उक्ते (ठोक रकमेला काम) घ्यावे की रोजाने जावे? बोली करताना काय काय आधी बोलून घ्यावे? आणि मुकादमाशिवाय खरंच निभते का? नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात जाऊन उभे राहणे हा एक मार्ग माहीत आहे, पण तिथे रोजचे रोज काम मिळते, हंगाम मिळत नाही.

---

निफाडचा बागवान | ४ सप्टेंबर, रात्री १०.२५

डोंगरवाट, धागा योग्य वेळी काढलात. मी शेतकऱ्याच्या बाजूने सांगतो.

तुम्हाला काम एका बागेत मिळणार नाही, हे आधी धरून चला. माझी तीन एकर बाग. छाटणीला बारा माणसे लावली तर दोन-तीन दिवसांत मोकळी. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पेस्ट, म्हणजे काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून लावायचे औषध. मग डोळे फुगून फुटेपर्यंत मला मजूर नको. पंधरा-वीस दिवसांनी फेलफूट (नको असलेली फूट) काढायला परत हवेत, तेही दोनच दिवस. पुढे डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणे), थिनिंग (घडातले मणी विरळ करणे), थंडी वाढायच्या आत घडांना कागद, आणि जानेवारीपासून माल काढणी. प्रत्येक कामाला नड असते ती अगदी नेमक्या दिवसांची. दोन दिवस उशीर झाला तर फूट हाताबाहेर जाते किंवा डिपिंगचा मणी पुढे निघून जातो. आणि मधल्या दिवसांत तुम्ही माझ्या शेडमध्ये बसून काय खाणार?

मुकादम नेमके हेच करतो. त्याच्याकडे आठ-दहा बागा असतात आणि प्रत्येकाची छाटणीची तारीख त्याला पाठ असते. इथली फेलफूट संपली की तिथली छाटणी, असा तो माणसांचा दिवस रिकामा जाऊ देत नाही. कमिशन जास्त घेतो, हिशेब दाखवत नाही, हे सगळे खरे. पण तो फुकटचे खातो असे मी म्हणणार नाही. त्याला वगळायचे तर ही तारखांची गुंफण तुम्हाला स्वतः करावी लागेल.

म्हणून पाच-सहा बागायतदार धरा, आणि त्यांच्या छाट्या मागेपुढे असतील असे बघा. सटाण्याकडे आगाप छाट्या पावसाळ्यातच होतात, त्या आता गेल्या. आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतात. एकाच गावातले सहा जण धरलेत आणि सगळ्यांनी दसऱ्याच्या आठवड्यात छाटली, की तुम्ही दोघांना सांभाळाल आणि चौघांच्या शिव्या खाल.

यंदाची एक गोष्ट आणखी. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. ऊन नाही मिळाले की काडीत घड धरत नाही. काही बागांना घड कमी निघणार, हे काडी तपासणीत दिसतेच आहे. अशा बागेत छाटणीचे काम तेवढेच राहील, पण डिपिंग-थिनिंगचे कमी होईल. बोली करताना शेतकऱ्याला सरळ विचारा, काडी तपासली का, घड किती दिसतात. चांगला शेतकरी खरे सांगतो.

---

गप्पिष्ट | ४ सप्टेंबर, रात्री ११.०२

एवढी यातायात कशाला? रोजगार हमी आहे ना. गावातच काम मागा, सरकारला द्यावेच लागते.

---

डोंगरवाट | ५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

गप्पिष्ट, मागतो की. २०२५-२६ सालचा रोहयोचा दर ३१२ रुपये. पण काम कधी निघेल, मस्टर कधी भरेल आणि पैसे खात्यात कधी पडतील, याचा नेम नाही. दुकानदार तोवर उधारीवर तेल-मीठ देत नाही. काम निघाले तर आमची म्हातारी माणसे जातात. तरणे जगायला जातात.

बागवानदादा, तारखांचे एकदम पटले. हे मला कुणी असे फोडून सांगितले नव्हते.

---

कात्रीवाली | ५ सप्टेंबर, दुपारी २.३०

मी सुरगाण्याकडची. लग्नाआधीपासून द्राक्षात जाते, आता लेकीच्या फोनवरून लिहिते आहे. चुकलेमाकले समजून घ्या.

दादा, तुम्ही चौघी बाया म्हणालात. द्राक्षाला बाया कमी पडतात बरं. छाटणी गडी करतात, पण पुढचे निम्मे काम आमचे. डिपिंगला मगमध्ये औषधाचे पाणी, एकेक घड बुडवायचा आणि हलकेच झटकायचा, थेंब खाली राहिला तर मण्याला डाग पडतो. दिवसभर मांडवाखाली हात वर. पाणी कोपरावरून काखेत उतरते, चोळी भिजून जाते. थिनिंगला बारीक कात्रीने घडातले मणी विरळ करायचे, मान वर ती वरच. पहिले चार दिवस रात्री मान उशीवर टेकवत नाही. नवीन पोरगी असेल तर तिला आधी फेलफूट काढायला लावा, मग थिनिंगला घ्या. नवख्या हाताची कात्री शेजारच्या मण्याला लागते, तो मणी कुजतो आणि त्याच्यासोबत सगळा घड जातो. मग शेतकरी ओरडतो, तो काही उगाच ओरडत नाही.

बोली करताना माझ्या मते एवढे बोलाच. राहायला काय? पत्र्याची शेड असली तर चालेल, पण दार लागते का आणि बायांना आडोसा आहे का, ते अगोदर डोळ्यांनी बघून या. आम्हाला एकदा विहिरीच्या कडेला उघड्यावर उतरवले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया निघून आलो, मुकादम बोंबलत राहिला. प्यायचे पाणी कुठले? औषध कालवायच्या टाकीवरचे नको. सरपण कुठून? आमचे अर्धे भांडण सरपणावरून होते. येण्याजाण्याचे पिकअपचे भाडे कुणी द्यायचे? एका बागेतून दुसऱ्या बागेत जायचा अर्धा दिवस गेला तर तो कुणाच्या अंगावर?

आणि बायांचा रोज कमी का, हे तुम्ही टोळीवाले म्हणून विचारा. उक्त्याने काम घेतले की पैसे सगळ्यांत सारखे वाटा. काही टोळ्यांत गड्याला पूर्ण वाटा आणि बाईला पाऊण देतात. आमच्या टोळीत आम्ही ते मोडले. थिनिंगमध्ये गडी आमच्या पुढे जाऊन दाखवू दे, मग पाऊण वाट्याचे बोलू.

---

निफाडचा बागवान | ५ सप्टेंबर, दुपारी ३.१०

ताई, एकदम खरे. थिनिंगला हात असलेली बाई मिळाली तर मी तिला सोडत नाही.

---

हिशेबी मास्तर | ५ सप्टेंबर, रात्री ८.५०

उक्ते की रोज, हा प्रश्न अजून कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. मी स्वतः शेती करत नाही, पण आमच्याकडच्या टोळ्यांचे हिशेब सोडवायला लोक माझ्याकडे येतात.

"एकरी" ही बोली फसवी असते, कारण एकरात झाडे किती हे लागणीच्या अंतरावर ठरते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. लागण ९ बाय ५ फुटांवर असेल तर एका झाडाला ४५ चौरस फूट, म्हणजे एकरी साधारण ९६८ झाडे. १० बाय ६ वर असेल तर ७२६. ८ बाय ५ वर गेले तर १,०८९. दर एकच सांगितला आणि तुम्ही १० बाय ६ ऐवजी ८ बाय ५ ची बाग घेतलीत, तर दीडपट झाडे त्याच पैशात छाटाल. म्हणून एकरी दर कानावर पडला की विचारायचे, अंतर काय? मग दराला झाडांनी भागायचे. दोन बागांची तुलना झाडामागच्या पैशात करायची, एकराच्या नव्हे.

दुसरे, शेतकऱ्याने सांगितलेली तीन एकर ही सातबाऱ्यावरची असते. त्यात बांध, रस्ता, शेड, विहीर आले. कधी उलटही असते, बाग जास्त आणि बोली कमी. सोपा उपाय : काम सुरू करायच्या आधी ओळी मोजा, एका ओळीतली झाडे मोजा, गुणा आणि तो आकडा शेतकऱ्याच्या फोनवर पाठवून द्या. पुढे वाद झाला तर तो एक मेसेज पुरेसा होतो.

डिपिंग-थिनिंगला झाडाचा हिशेबही पुरत नाही, तिथे घड मोजावे लागतात. झाडाला ३०-३५ घड ठेवले तर ९६८ झाडांत साधारण २९ ते ३४ हजार घड होतात. तेवढे घड एकेक करून हातात घ्यायचे आहेत, हे डोळ्यांसमोर आणून मग दर ठरवा. माझे मत असे की छाटणी, फेलफूट, कागद ही कामे उक्त्याने घ्यावीत. थिनिंग शक्यतो रोजाने. उक्त्यात थिनिंग घाईने होते, मग शेतकरी पैसे कापतो आणि दोन्हीकडे कटकट होते.

आणि एक वही. तारीख, बागेचे गाव, काम, किती माणसे, किती झाडे, किती मिळाले, किती बाकी. रोज रात्री सगळ्यांसमोर वाचून दाखवा. तुमच्या मुकादमाविरुद्ध तुमची तक्रार हीच होती ना?

---

बालाघाटी | ६ सप्टेंबर, सकाळी ९.३०

थोडे अवांतर, पण उचलीवर बोलायला हवे. मी बीडकडचा, घरात तीन पिढ्या ऊसतोडीचा कोयता.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, ती ऊस तोडून फेडायची. तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढला, टनाला २७३ चे ३६६ झाले. चांगलेच झाले. पण उचल फिटते किती टन तोडले त्यावर. पाऊस लांबला, फड पाण्यात राहिला, कारखाना लवकर बंद पडला, बाई आजारी पडली, की टन भरत नाहीत. मग राहिलेली उचल पुढच्या हंगामावर. पुढच्या वर्षी कुणाकडे जायचे हे मग माणूस ठरवत नाही, बाकी ठरवते.

द्राक्षात उचल एवढी मोठी नसते, हे ऐकून आहे. तरी सांगतो, टोळी काढणाऱ्याने शेतकऱ्याकडून उचल घ्यावी ती प्रवास आणि पहिल्या आठवड्याच्या शिध्यापुरती. बारा जणांची मोठी उचल तुमच्या एकट्याच्या नावावर घेऊन वाटून टाकलीत, तर मधेच तिघे घरी निघून गेले की त्यांची उचल तुमच्या डोक्यावर. त्या दिवशी तुम्ही मुकादम झालात म्हणून समजा.

---

निफाडचा बागवान | ६ सप्टेंबर, सकाळी १०.०५

बालाघाटींना अनुमोदन. दुसरी बाजूही सांगतो. उचल घेऊन टोळी आलीच नाही, फोन बंद, असे आमच्याकडे दर हंगामाला कुणाचे ना कुणाचे होते. छाटणीचा दिवस ठरलेला, पानगळ करून ठेवलेली आणि माणसे गायब. त्यामुळे नव्या टोळीला शेतकरी पहिल्या वर्षी हात राखूनच पैसे देणार. राग मानू नका. एक हंगाम वेळेवर आलात की पुढच्या वर्षी तोच तुम्हाला फोन करतो आणि भावालाही नंबर देतो.

मालाच्या पैशांचेही बोलून ठेवा. काढणीच्या वेळी काही शेतकरी म्हणतात, व्यापाऱ्याचे आले की तुमचे देतो. व्यापारी माल भरून पळाल्याची उदाहरणे आमच्याकडे काही कमी नाहीत. तो धोका शेतकऱ्याचा आहे, मजुराचा नाही. मी शेतकरी असून हे लिहितोय. आठवड्याच्या आठवड्याला हिशेब, बाजाराच्या दिवशी रोख, एवढे आधीच ठरवा.

---

औषधवाला | ६ सप्टेंबर, दुपारी १.२०

कृषी सेवा केंद्र चालवतो. पेस्टबद्दल कुणीच काही लिहिले नाही, म्हणून आलो.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाईड. लाल रंग मिसळलेले असते, कुठल्या काडीला लागले ते दिसावे म्हणून. लोक बोळ्याने, स्पंजने, कधी नुसत्या हातानेही लावतात. नुसत्या हाताने अजिबात लावू नका. ते कातडीतून आत जाते, कातडी भाजते, डोळ्यात गेले तर फार वाईट. रबरी हातमोजे जाड हवेत, कोपरापर्यंतचे. पातळ प्लॅस्टिकचे काडीला लागून तासाभरात फाटतात. मांडवाला हात वर करून लावताना ओघळ बाहीत उतरतो, म्हणून बाही मोज्याच्या वर न ठेवता मोज्याच्या आत घ्यायची आणि काठ वर दुमडायचा, म्हणजे ओघळ तिथेच अडतो.

सगळ्यात महत्त्वाचे दारू. हे औषध हाताळले आणि वर दारू घेतली, तर तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, श्वास लागतो, उलट्या होतात. दोन-तीन पेग पचवणारा गडीसुद्धा एका घोटात आडवा होतो. आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस पूर्ण बंद. टोळीतला जो ऐकणार नाही त्याला पेस्टच्या कामावर घेऊच नका, छाटणीला ठेवा. त्रास झाला तर दवाखान्यात नेताना डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या, डॉक्टरला काय लागले ते कळले पाहिजे.

मोजे, चष्मा शेतकऱ्याने द्यायचे. बोलीतच घ्या. नाही दिले तर पेस्ट करणार नाही म्हणा, हे म्हणायला लाजू नका.

---

कात्रीवाली | ६ सप्टेंबर, दुपारी २.०५

औषधवाले दादा, दारूचे लिहिलेत, फार बरे केलेत. आमच्यात हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी संध्याकाळी घेतात. हे मी उद्या टोळीत वाचून दाखवणार आहे.

---

तासगावकर | ६ सप्टेंबर, रात्री ९.१५

नाशिकवाल्यांनी आमच्याकडेही बघावे. सांगली-तासगावला फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बेदाण्याचे काम असते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, दोनेक आठवड्यांत माल वाळतो. मग झाडणी, निवडणी, प्रतवारी. निवडणी सावलीत बसून असते, म्हणून म्हाताऱ्या बायकांनाही जमते. शेडवर काम सलग मिळते, बागेसारखे तारखांच्या मागे धावावे लागत नाही. पेठेहून लांब पडेल, हे खरे.

पॅकहाऊसचे काम हा वेगळा प्रकार. निर्यातीच्या मालाला टोपी, मोजे, नखे कापलेली, बांगड्या-टिकली काढून. घड देठाला धरून उचलायचा, मण्यावरची पांढुरकी झाक बोटाने पुसली गेली की माल दुय्यम. २०१० साली युरोपने औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षे अडवली, तेव्हापासून तपासणी कडक आहे. तिथे हजेरी, पगार नियमाने मिळायची शक्यता जास्त. आयटीआयवाल्याने एखाद्या हंगामात तिकडे डोकावून बघायला हरकत नाही.

---

डोंगरवाट | ७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. वही आणली. बागवानदादांनी व्यक्तिगत निरोपात दोन नंबर दिले, रविवारी भावाला घेऊन बागा बघायला निघतोय. शेड, पाणी, झाडांचे अंतर, तिन्ही बघून येतो.

अजून दोन अडचणी. एक, होळी. आमच्याकडे होळीला माणूस घरी नसेल तर तो मेल्यात जमा. आणि मार्चचा सुरुवातीचा काळ म्हणजे ऐन काढणी. दोन, भावाची पोरगी तिसरीला आहे, तिला मागे ठेवायला घरी कुणी नाही.

---

निफाडचा बागवान | ७ सप्टेंबर, सकाळी ८.३०

होळीचे आजच सांगा, फेब्रुवारीत नको. आम्हालाही माहीत असते की होळीला पेठ-सुरगाणा रिकामा होतो. पण प्रत्येक टोळी "आम्ही दोन दिवसांत येतो" म्हणते आणि दहा दिवसांनी येते. तुम्ही सरळ आठ दिवस सांगा आणि आठव्या दिवशी हजर व्हा. मी त्या हिशेबाने माल आधी किंवा नंतर काढायला लावतो.

---

फळ्यावरून | ७ सप्टेंबर, दुपारी १२.४०

प्राथमिक शिक्षक आहे. पोरीला नेणार असाल तर निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवले की जिथे जाल तिथल्या जिल्हा परिषद शाळेत बसवून घेतात, दाखला काढायची गरज नाही, आणि परत आल्यावर तिचे वर्ष तुटत नाही. मात्र सहा बागांत सहा गावे असतील तर ती सहा शाळा फिरणार, म्हणजे एकही नाही. त्यापेक्षा एका गावात मुक्काम धरा आणि तिथून बागांवर जा. किंवा जवळच्या आश्रमशाळेत जागा आहे का, आत्ताच विचारा.

रेशनचेही सांगतो. एक देश एक रेशनकार्डामुळे निफाडच्या दुकानातही तुमच्या कार्डावर धान्य मिळते, अंगठा लागतो. आधार जोडलेले आहे का, ते गावातच तपासून निघा. दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जा.

---

डोंगरवाट | ७ सप्टेंबर, रात्री ९.२०

मुक्काम एका गावात, हे बरोबर. मग बागा त्या गावापासून पिकअपच्या पल्ल्यात बघाव्या लागतील. बागवानदादा, तुमच्या गावापासून पुढे कुठकुठल्या गावांच्या छाट्या उशिरा असतात?

कात्रीवाली ताई, थिनिंगची कात्री कुठली घ्यावी? मुकादम देत होता ती दोन दिवसांत बोथट व्हायची.

---

कात्रीवाली | ७ सप्टेंबर, रात्री ९.५५

लांब, बारीक टोकाची घ्या, पण टोक गोल असलेली. टोचरी नको. स्प्रिंगची असली तर बोटे कमी दुखतात. प्रत्येकीची आपापली कात्री हवी, दांड्याला रंगीत दोरा बांधा. आणि सोबत धार लावायचा दगड ठेवा, द्राक्षाचा चीक बसला की कुठलीही बोथट होते. संध्याकाळी धुऊन पुसून ठेवायची.

---

येवला कांदा | ८ सप्टेंबर, सकाळी ७.०५

डोंगरवाट, डिसेंबर-जानेवारीत डिपिंग-थिनिंग आटोपून काढणी सुरू व्हायच्या आधी तुमची टोळी मोकळी असेल तर आमच्याकडे उन्हाळी कांद्याची लागवड असते. एकरी उक्ते. राहायला शाळेमागे पक्की खोली आहे, नळ आहे. बारा माणसे चालतील.

---

हिशेबी मास्तर | ८ सप्टेंबर, सकाळी ७.४०

येवलाभाऊ, एकरी दर सांगाल तेव्हा दोन रोपांतले अंतरही सांगा.